जुना खेळ, नवा मालक

२०२२ च्या रमजान ईदची गोष्ट. शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, पाहुण्यांची ये-जा चालू होती, आणि माझा भाचा माझ्याशेजारी येऊन बसला. दोन-तीन वर्षांची ईदी आणि सुट्टीत केलेल्या कामाची मजुरी साठवून त्याला व्हिडिओ गेमचे यंत्र घ्यायचे होते. प्लेस्टेशन फाइव्ह. मोबाइलवर त्याने दोन चित्रे दाखवली. दोन्ही यंत्रे जुळ्या भावांसारखी. फरक एवढाच की एकाला चकती सरकवायची खाच होती, दुसऱ्याला नव्हती. खाच असलेल्याची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती आणि बिनखाचेच्याची ३९,९९०.

"मामू, एका फटीसाठी दहा हजार जास्त द्यायचे का?" त्याने विचारले.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या यंत्रांतले मला काय कळणार? पण तो समजावून सांगू लागला तसे लक्षात आले की हा प्रश्न यंत्राचा कमी आणि बाजाराचा जास्त आहे. खाच असलेल्या यंत्रात नवी चकती चालते तशी कुणाची वापरलेलीही चालते. खेळून झाली की ती विकता येते, मित्राला देता येते. बिनखाचेच्या यंत्रात खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, कंपनी सांगेल त्या भावाने, आणि तो कायम त्याच खात्यात राहणार. म्हणजे ते दहा हजार रुपये फटीचे नव्हतेच. जुना माल घेण्याची आणि आपला माल जुना म्हणून विकण्याची जी मुभा आहे, तिची ती किंमत होती.

ही मुभा आली कुठून आणि ती कुणाला का खुपली, हे शोधण्याचा मला तेव्हापासून नाद लागला. त्यातून जे हाती आले ते आज आपल्याला सांगतो.

सुरुवातीला जुना खेळ नावाची वस्तूच नव्हती. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत टीव्हीला जोडायचा 'पाँग' घराघरांत आला. दोन फळ्या आणि मध्ये टोलवला जाणारा ठिपका. हा खेळ यंत्राच्या पोटातच बसवलेला होता. कंटाळा आला तर अख्खे यंत्र विकावे लागे. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने 'चॅनेल एफ' नावाचे यंत्र काढले. जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या हाताखाली ते घडले. त्यात खेळ वेगळ्या डबीत होता. डबी बदलली की खेळ बदलला. पुढच्या वर्षी अटारीने हीच कल्पना उचलली आणि ती जगभर गेली. खेळ यंत्रापासून सुटा झाला. सुटी वस्तू दप्तरात टाकता येते, शेजारच्या मुलाला देता येते, आणि अर्थातच विकता येते. जुन्या खेळांचा बाजार तिथे जन्मला.

आपल्याकडे त्या डबीला 'कॅसेट' म्हणत. माझी धाकटी बहीण, म्हणजे याच भाच्याची आई, १९९५ च्या आसपास अशा कॅसेटींसाठी वेडी झाली होती. मिरजेतल्या एका दुकानात जुनी कॅसेट द्यायची, वर वीस रुपये टाकायचे आणि दुसरी घेऊन यायची. कॅसेटवर हजारो खेळांची संख्या छापलेली असे, आत फिरून फिरून तेच सात-आठ खेळ. अब्बा ओरडायचे, पण रात्री जेवण झाल्यावर तेही मागे उभे राहून बघायचे.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तेव्हाच्या त्या कॅसेटी बहुतेक नकली होत्या. ज्या जपानी माणसांनी ते खेळ घडवले, त्यांना आमच्या वीस रुपयांतला छदामही मिळाला नाही. आपल्या बोलण्यात 'नकली' आणि 'जुना' यांची नेहमी गल्लत होते, म्हणून हे सांगतो. नकली मालात कुणाच्या तरी मेहनतीची चोरी असते. जुन्या मालाचे तसे नसते. तिथे एकदा रीतसर पैसे मोजून घेतलेली वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते, एवढेच. पुढची सगळी गोष्ट या अस्सल जुन्या मालाची आहे.

त्याच्या हक्काचे मूळ शोधायला गेलो तर मी खेळांपाशी नाही, एका पुस्तकापाशी पोचलो. १९०४ साली बॉब्ज-मेरिल या अमेरिकन प्रकाशकाने 'द कास्टअवे' नावाची कादंबरी काढली. आत ताकीद छापली, की या पुस्तकाची किंमत एक डॉलर आहे, त्याहून कमी भावाने विकायची कुणाला परवानगी नाही, आणि तसे विकणे हा आमच्या हक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ते खुशाल ८९ सेंटांना विकले. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १ जून १९०८ रोजी निकाल लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की नकला काढण्याचा हक्क प्रकाशकाचा. पण प्रत एकदा विकली की त्या प्रतीवरचा त्याचा ताबा संपला. पुढच्या वर्षी हे तत्त्व तिथल्या कायद्यात लिहिले गेले. पहिल्या विक्रीबरोबर करणाऱ्याचा हक्क संपतो, म्हणून त्याला 'पहिल्या विक्रीचे तत्त्व' म्हणतात.

अकरा सेंटांचे हे भांडण वाटते तेवढे लहान नाही. जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके शोधत हिंडणारी मुले आठवा. प्रत्येक विक्रीला प्रकाशकाची परवानगी लागली असती तर ती मुले काय करती? मी स्वतः बी.ए.ची तिन्ही वर्षे दुसऱ्यांनी रेघा मारलेल्या पुस्तकांवर काढली. कुणीतरी आधी नवे घेतले होते, म्हणून मला जुने मिळाले.

खेळांच्या बाजारात नवे आणि जुने यांची गंमत फार लवकर दिसली. १९८२ च्या नाताळात अटारीने 'ई.टी.' या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ घाईघाईने बाजारात आणला. तो पडला. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा सारा धंदाच कोसळला, आणि त्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाबाहेर अटारीने ट्रक भरभरून माल खड्ड्यात पुरला. नवाकोरा माल, पण कवडीमोल. एकतीस वर्षांनी, २०१४ च्या एप्रिलमध्ये, तो खड्डा उकरला. सुमारे तेराशे कॅसेटी निघाल्या. मातीने माखलेल्या, चेपलेल्या. त्यांतल्या शेकडो लिलावात विकल्या गेल्या आणि एक लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमली. एक कॅसेट स्मिथसोनियनच्या संग्रहालयात गेली. नवेपणाला किंमत असते, पण ती वस्तूच्या कपाळावर कायमची लिहिलेली नसते.

धंदा पुन्हा उभा राहिला तो जपानमुळे. निन्टेंडोचे 'फॅमिकॉम' १९८३ च्या जुलैत जपानमध्ये आले आणि १९८५ मध्ये वेगळ्या नावाने अमेरिकेत. १९८७ मध्ये त्या यंत्रावर अमेरिकेत 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ आला. त्याच्या कॅसेटमध्ये नाण्याएवढा छोटा सेल होता. खेळणाऱ्याने आपले नाव लिहायचे, आणि खेळ जिथे सोडला तिथपासून पुढे चालू करायचा. तीन नावांची जागा होती. त्यामुळे जुनी कॅसेट विकत घेतली, की पडद्यावर कुणातरी अनोळखी मुलाचे नाव उमटे. तो कुठल्या गुहेपर्यंत पोचला, त्याने किती वस्तू गोळा केल्या, सगळे तसेच. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'चि. अमुकला वाढदिवसानिमित्त' असे लिहिलेले असते ना, तसे. तिन्ही जागा भरलेल्या असल्या तर नव्या मालकाला ते नाव पुसून आपले लिहावे लागे. पुसताना हात थोडा अडखळत असणार, असे मला वाटते.

या जुन्या कॅसेटींवर दुकाने उभी राहिली. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 'फंकोलँड' सुरू झाले. भाजी मंडईच्या दरपत्रकासारखी ते खेळांची यादी छापत. कोणता खेळ केवढ्याला मिळेल ते मुलांना आधीच ठाऊक. २००० साली हे दुकान विकले गेले आणि पुढे 'गेमस्टॉप' या नावाच्या साखळीत विरघळले. त्या साखळीच्या ढोबळ नफ्यातला जवळपास निम्मा वाटा २०११ च्या सुमारास वापरलेल्या मालातून येत होता. कारण सोपे आहे. मुलाकडून चकती स्वस्तात घ्यायची, पुसून पुन्हा फळीवर ठेवायची. नव्या चकतीत दुकानदाराला थोडेसे सुटते, जुन्या चकतीत भरपूर.

आणि ज्याने खेळ घडवला त्याला? काही नाही. हीच ती दुखरी जागा.

जुन्या बाजाराची बाजू घेताना मला करणाऱ्याची बाजू विसरता येत नाही, कारण मी स्वतः त्या बाजूचा आहे. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती निघाल्या. काही वर्षांपूर्वी रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यातली एक भेटली. विक्रेत्याने वीस रुपये सांगितले. त्या वीस रुपयांत माझा वाटा शून्य. क्षणभर वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मग पाने उलटली. एका कवितेच्या शेवटी कुणीतरी पेन्सिलीने रेघ मारून समासात लिहिले होते, 'हे खरे नाही.' मी तिथेच उभा राहून ती कविता पुन्हा वाचली. त्या अनोळखी वाचकाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. ती प्रत मी घेतली नाही. तिला आणखी एक वाचक मिळावा म्हणून ढिगात परत ठेवली.

पण कवितेचा हिशेब आणि खेळाचा हिशेब एक नाही, हेही खरे. मोठ्या खेळावर शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात. नवा खेळ आल्यावर पंधरा दिवसांत त्याच फळीवर, त्याच्या शेजारी, थोड्या कमी भावात त्याचीच वापरलेली चकती दिसू लागली तर त्यांना राग येणारच. दुकानदारांचे उत्तर असे, की मुले जुनी चकती विकतात तेव्हा तेच पैसे पुन्हा नव्या खेळात घालतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच प्रकरण न्यायालयात गेले.

यातली मोठी लढाई जपानमध्ये झाली. १९९० च्या दशकात तिथे वापरलेल्या खेळांची दुकाने गल्लोगल्ली होती. एनिक्स, कॅपकॉम, कोनामी अशा कंपन्या त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांचा युक्तिवाद मोठा हुशारीचा होता. जपानच्या कायद्यात चित्रपटाला एक खास हक्क होता. त्याची प्रत कुणाकडे जाईल ते निर्माता ठरवणार. आपल्याला हे कळायला अवघड नाही. रिळांच्या पेट्या एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात जात. थिएटरवाला ती रिळे विकू शकत नसे. कंपन्या म्हणाल्या, आमचा खेळही पडद्यावर हलणारी चित्रेच आहे, तेव्हा तोही चित्रपटच. मग आमच्या परवानगीशिवाय तो पुन्हा विकता येणार नाही.

१९९९ साली टोकियोच्या न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी ओसाकाच्या न्यायालयाने कंपन्यांच्या बाजूने. एकाच देशात, एकाच प्रश्नाला दोन उत्तरे. अखेर २५ एप्रिल २००२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा केला. खेळ हा चित्रपटाच्या जातीचा आहे, हे त्यांनी मान्य केले. पण लोकांनी घरी नेण्यासाठी विकलेली प्रत ही थिएटरांत फिरणाऱ्या रिळासारखी नव्हे, असे सांगितले. ती एकदा रीतसर विकली की तिच्यावरचा हक्क संपला. ९४ वर्षांपूर्वी एका कादंबरीच्या खटल्यात जे ठरले होते, तेच पुन्हा ठरले.

आपल्या कायद्याचीही एक गंमत सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. संगणकाच्या प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा हक्क प्रोग्रॅमच्या धन्याचा, मग ती प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो, असे त्यात लिहिले गेले. म्हणजे कागदावर पाहिले तर अस्सल जुनी कॅसेट विकायलाही परवानगी हवी होती. माझी बहीण कॅसेटी बदलून आणत होती ती नेमक्या याच वर्षांत. १९९९ च्या दुरुस्तीत 'आधी विकली गेली असो वा नसो' या अर्थाचे शब्द गळाले. एका ओळीतले चार शब्द. पण जुन्या बाजाराचे जगणे कधी कधी अशा चार शब्दांवर टांगलेले असते.

न्यायालयात हरल्यावर कंपन्यांनी वेगळी वाट शोधली. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने नव्या चकतीबरोबर एक सांकेतिक क्रमांक द्यायला सुरुवात केली. तो एकदाच वापरता येई. इंटरनेटवर इतरांशी खेळायचे असेल तर जुनी चकती घेणाऱ्याला दहा डॉलर वेगळे भरावे लागत. लोक चिडले आणि २०१३ मध्ये ही पद्धत कंपनीने सोडून दिली.

त्याच वर्षी सगळ्यात मोठा भडका उडाला. २१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' हे यंत्र जाहीर केले आणि मागोमाग त्याचे नियम सांगितले. यंत्राने दर चोवीस तासांत इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची. चकती मित्राला द्यायची तर एकदाच, आणि तो मित्र तुमच्या यादीत किमान ३० दिवस असला पाहिजे. विकायची तर ठरलेल्या दुकानांतच, तेही खेळाच्या प्रकाशकाने होकार दिला तर. मैत्रीला तीस दिवसांची अट! जगभर हसे झाले. १० जूनला प्रतिस्पर्धी सोनीने आपले यंत्र शंभर डॉलर कमी किमतीत जाहीर केले आणि एक छोटीशी चित्रफीत दाखवली, खेळ मित्राला कसा द्यावा याची. एक माणूस खेळाचा डबा हातात घेतो आणि शेजारच्याच्या हातात देतो. संपले. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळे नियम मागे घेतले. महिनाही झाला नव्हता.

लोक जिंकले. निदान तेव्हा तसे वाटले. पण जे हुकमाने जमले नाही ते सोयीने जमून गेले.

संगणकावरच्या खेळांत हे आधीच झाले होते. व्हाल्व या कंपनीने २००३ मध्ये 'स्टीम' नावाचे इंटरनेटवरचे दुकान सुरू केले. २००४ मध्ये त्यांचा 'हाफ-लाइफ टू' हा खेळ आला, तो डब्यात चकती घालूनही विकला गेला. पण ती चकती घरी आणल्यावर खेळ स्टीमच्या खात्याला जोडावा लागे, आणि एकदा जोडला की तो त्या खात्याचा. डबा विकता येई, खेळ नाही. पुढे डबाही गेला. घरबसल्या मिळते, चकती हरवत नाही, ओरखडे पडत नाहीत, आणि सणासुदीला इतकी सूट असते की जुन्या चकतीपेक्षाही स्वस्त पडते. यातले काहीच खोटे नाही. भाच्याने हे सगळे मला ऐकवले तेव्हा माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते.

युरोपात या खात्यातल्या खेळांवरही भांडण झाले. इंटरनेटवरून उतरवून घेतलेले सॉफ्टवेअर कायमच्या वापरासाठी विकले असेल तर ते पुढे विकता येते, असे युरोपियन न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी म्हटले होते. त्या आधारे फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने व्हाल्ववर दावा लावला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचेच म्हणणे उचलून धरले. त्यांचा एक मुद्दा विचार करायला लावणारा आहे. अशा खेळाची प्रत झिजत नाही. वापरलेली आणि नवी यांत काहीच फरक नाही, मग जुनीला जुनी तरी का म्हणायचे? ती नवीच्या बरोबरीने उभी राहून तिचा धंदा बुडवेल.

यावर मला मिरजेची सतारमेकर गल्ली आठवते. चांगला तंबोरा हाताखालून गेला की मोकळा बोलू लागतो, असे तिथले कारागीर सांगतात. तिथे जुने म्हणजे उतरलेले नसते, कधी कधी चढलेलेच असते. तरी कुणी असे म्हटले नाही की तंबोरा झिजत नाही, सबब तो विकायला बंदी करा. वस्तू विकण्याचा माझा हक्क ती झिजली म्हणून मला मिळालेला नसतो. मी पैसे मोजले म्हणून मिळालेला असतो.

आणि न विकता येणारी वस्तू किती टिकते? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात नव्याने मिळतच नव्हते. ते रीतसर घ्यायचे तर जुन्या बाजारातच जायला हवे. रद्दीवाल्याने जपलेले पुस्तक उद्याच्या ग्रंथालयाचे असते, तसेच हे. पण जे खेळ फक्त खात्यात होते त्यांचे काय? २०१४ साली निघालेला 'द क्रू' हा मोटारी पळवण्याचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. तो कंपनीच्या संगणकांना जोडल्याशिवाय चालतच नव्हता. दुकानातून घेतलेल्या चकत्या लोकांच्या हातात राहिल्या, त्यांतला खेळ गेला. त्या वर्षी कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला फक्त वापरायची परवानगी देत असाल, तर ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असे शब्द वापरायचे नाहीत, असे तो सांगतो. कायद्याला एका क्रियापदाची राखण करावी लागली, याचे मला कवी म्हणून फार वाटले.

२०२५ च्या जूनमध्ये निन्टेंडोचे 'स्विच टू' आले. त्याच्या काही कॅसेटींत खेळच नसतो, असते ती फक्त किल्ली. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा, पण चालवायला किल्ली लागते, आणि ती किल्ली विकता येते. नवे आणि जुने यांच्यामधली ही एक तडजोड आहे. कुलूप मात्र दुसऱ्याच्या दारावर आहे.

आता भाच्याचे काय झाले ते सांगतो. त्याने कागदावर हिशेब मांडला. नव्या मोठ्या खेळाची किंमत तेव्हा ४,९९९ रुपये होती. खेळून महिन्याभरात चकती विकली तर तीन हजार परत येत. म्हणजे चार खेळांत त्या खाचेचे पैसे वसूल. मी इतिहास सांगत होतो, तो गणित करत होता, आणि दोघे एकाच जागी पोचलो. त्याने खाच असलेले यंत्र घेतले. पहिली चकती मात्र नवी न घेता एका मित्राकडून जुनी घेतली, अर्ध्या किमतीत. सवलतीत मिळणारे काही खेळ तो खात्यावरही घेतो. मी त्याला अडवत नाही. फक्त कोणता खेळ आपला आणि कोणता वापरायला मिळालेला, हे त्याला माहीत असावे, एवढीच माझी इच्छा.

खरेदी, मालक, हक्क, वारस हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. खरेदीखतापासून सातबारापर्यंत आपण ते रोज वापरतो. या चार शब्दांची एक साखळी आहे. खरेदी केली की मालक होतो, मालक झालो की हक्क येतो, आणि हक्क असला तरच वारसाला काही देता येते. स्टीमसारख्या दुकानाच्या करारात खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तिथे पैसे पूर्ण जातात, पण साखळी पहिल्याच कडीला तुटते.

म्हणून यापुढे काहीही घेताना, खेळ असो, गाणे असो की पुस्तक, दुकानदाराला एक प्रश्न विचारून बघा. नवे की जुने हे नंतर ठरवा. आधी विचारा, माझे वापरून झाल्यावर हे मला कुणाला देता येईल का? 'नाही' असे उत्तर आले तरी घ्यायला हरकत नाही. भाड्याच्या घरातही माणसे सुखाने राहतात. फक्त भाड्याच्या घराला मालकीच्या घराची किंमत मोजू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)